पाण्याची कड आणि हवेची गादी : सैन्य उतरविणाऱ्या हॉवरक्राफ्टचा ऐतिहासिक विचार

समुद्रमार्गे आलेले सैन्य शत्रूच्या किनाऱ्यावर उतरविणे हे युद्धकलेतील अत्यंत बिकट कर्म समजले जाते. ह्या कर्मातील खरी अडचण खोल समुद्रात नसते आणि कोरड्या जमिनीवरही नसते. ती ह्या दोहोंमधील अरुंद पट्ट्यात असते. नौकेला पुढे सरकण्याइतके पाणी जेथे उरलेले नाही आणि माणसाला धावण्याइतकी जमीन जेथे अद्याप लाभलेली नाही, असा हा पट्टा. पाठीवर ओझे घेऊन आणि बंदूक डोक्यावर धरून छातीइतक्या पाण्यातून चालणारा शिपाई येथे जितका असहाय असतो, तितका तो रणांगणावर अन्यत्र क्वचितच असेल. विसाव्या शतकात लँडिंग क्राफ्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या नौकांचा (पुढील विवेचनात त्यांस सोयीसाठी अवतरण-नौका असे म्हटले आहे) इतिहास म्हणजे हा पट्टा शक्य तितका आखूड करण्याच्या प्रयत्नांचाच इतिहास होय.

हवेच्या गादीवर तरंगणारे वाहन, म्हणजेच हॉवरक्राफ्ट, १९५९ मध्ये जगापुढे आले, तेव्हा हा पट्टा आता कायमचा पुसला गेला असे अनेकांस वाटले. जे वाहन पाण्यावरून थेट वाळूवर आणि वाळूवरून थेट शेतात जाऊ शकते, त्याला पाण्याची कड ती काय? हा दावा कितपत खरा ठरला, ह्याची प्रत्यक्ष घडलेल्या घटनांच्या आधारे छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यंत्राचे मोल त्याच्या निर्मात्याच्या अपेक्षांवरून ठरवावे की त्याच्या वापराच्या पुराव्यावरून, हा प्रश्नही ह्या निमित्ताने आपोआपच पुढे येतो.

१. होड्यांपासून उतरत्या फळीपर्यंत

२५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरले, ते मुख्यतः वाफेच्या लहान नौकांनी ओढत नेलेल्या आणि अखेरीस वल्ह्यांनी हाकलेल्या उघड्या होड्यांतून. एका ठिकाणी 'रिव्हर क्लाइड' हे कोळसा वाहणारे जहाज सुमारे दोन हजार सैनिकांसह मुद्दाम किनाऱ्यावर रुतविण्यात आले होते आणि त्याच्या कुशीत पाडलेल्या दारांतून सैनिकांनी बाहेर पडावयाचे होते. त्या दारांसमोर तुर्की मशीनगनांनी जो संहार केला, तो पाहता साध्या होड्या व जुनी जहाजे ह्यांवर भिस्त ठेवून असे धाडस पुन्हा करता येणार नाही हे उघड झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुव्हला येथे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या, कवच असलेल्या आणि पुढे उतरती फळी असलेल्या सपाट तळाच्या नौका वापरण्यात आल्या. खास सैन्य उतरविण्यासाठी बांधलेल्या आधुनिक नौकांचा आरंभ येथून धरावयास हरकत नाही.

ह्यापुढील महत्त्वाचे पाऊल जपानने टाकले. १९३७ मध्ये शांघायच्या परिसरात जपानी सैन्य ज्या नौकांतून उतरत होते, त्यांचा पुढचा भाग दारासारखा खाली पडून त्याचाच पूल होत असे. व्हिक्टर क्रुलाक ह्या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने ह्या नौकांची छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनकडे धाडली. पुढे न्यू ऑर्लिन्सचे नौकाबांधणीकार अँड्र्यू हिगिन्स ह्यांनी दलदलीत चालणाऱ्या आपल्या उथळ नौकेला अशीच फळी बसविली आणि त्यातून दुसऱ्या महायुद्धातील सुप्रसिद्ध 'हिगिन्स बोट' सिद्ध झाली. सुमारे छत्तीस फूट लांबीच्या ह्या लाकडी नौकेत छत्तीस सैनिक मावत. अशा वीस हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या आणि नॉर्मंडीपासून प्रशांत महासागरापर्यंत त्या वापरात आल्या. परंतु कितीही उथळ झाली तरी ती नौकाच होती. तिला तरंगण्यासाठी तीन-साडेतीन फूट पाणी लागे आणि ते मिळणे न मिळणे चंद्राच्या हाती होते.

२. तारावाचा धडा

चंद्राचा हा अधिकार किती भयंकर ठरू शकतो, हे २० नोव्हेंबर १९४३ रोजी गिल्बर्ट बेटांतील तारावा येथे दिसून आले. जेमतेम दोन मैल लांबीच्या बेशिओ बेटाभोवती प्रवाळाचा रुंद कठडा आहे. त्यावर पाच फूट पाणी असेल अशी योजनाकर्त्यांची अपेक्षा होती. ह्या बेटांची माहिती असलेल्या एका अधिकाऱ्याने, त्या दिवसांत तीन फुटांहून अधिक पाण्याचा भरवसा धरू नये, असा इशारा दिला होता. तरीही मोहीम ठरल्याप्रमाणे झाली. कोकणचा नाखवा जिला भांगाची भरती म्हणतो, ती त्या दिवशी होती. शिवाय चंद्र पृथ्वीपासून दूर असण्याचाही तोच काळ होता. त्यामुळे पाणी चढलेच नाही. ह्या योगायोगाचा खगोलशास्त्रीय उलगडा डोनाल्ड ओल्सन ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पुढे १९८७ मध्ये केला.

परिणाम असा झाला की हिगिन्स बोटी प्रवाळावर अडकल्या आणि सैनिकांना पाचशे यार्डांहून अधिक अंतर पाण्यातून चालत जावे लागले. शहात्तर तासांच्या ह्या लढाईत अमेरिकेचे सुमारे एक हजार लोक मृत्युमुखी पडले व दोन हजारांहून अधिक जखमी झाले. साडेचार हजारांच्या जपानी शिबंदीपैकी अगदी मूठभर जिवंत हाती लागले. कठडा ओलांडून किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकली ती केवळ साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी जलस्थलचर वाहने; आणि ती होती अवघी १२५. ह्या वाहनाचा मूळ नमुना डोनाल्ड रोबलिंग ह्यांनी फ्लॉरिडातील दलदलीत वादळग्रस्तांच्या सुटकेसाठी तयार केला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जीव वाचविण्यासाठी जन्मलेले वाहन युद्धात गेले. पुढे ह्याच्या उलटही घडले, ते यथावकाश पाहू.

जलस्थलचर वाहनाने भरतीचा प्रश्न सोडविला, परंतु पाण्यातील त्याचा वेग माणसाच्या जलद चालीपेक्षा फारसा अधिक नव्हता. वेग आणि भरतीपासून मुक्तता ही दोन्ही एकाच वाहनात साधतील काय, हा प्रश्न महायुद्ध संपले तेव्हा अनुत्तरितच होता.

३. हवेची गादी

नौकेच्या तळाखाली हवा भरून पाण्याचे घर्षण कमी करण्याची कल्पना जॉन थॉर्निक्रॉफ्ट ह्या इंग्रज नौकाशिल्पज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातच मांडली होती. १९१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या आरमारासाठी डागोबर्ट म्युलर फोन थोमामुल ह्यांनी हवेच्या आधारावर धावणारी एक टॉर्पेडो-नौका बांधून पाहिली. सोव्हिएत संघात व्लादिमिर लेव्हकोव्ह ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात अशा नौकांची एक मालिकाच तयार केली आणि त्यांपैकी एकीने ताशी सुमारे १३० किलोमीटर वेग गाठला. महायुद्धाने हे काम थांबविले. ह्यावरून हॉवरक्राफ्टचा शोध कोणा एकाच्या डोक्यातून अकस्मात निघाला असे मानणे युक्त ठरणार नाही.

असे असले तरी ह्या कल्पनेला व्यवहार्य रूप देण्याचे श्रेय ख्रिस्तोफर कॉकरेल (१९१०–१९९९) ह्यांचेच आहे. मार्कोनी कंपनीतील नोकरी सोडून ते इंग्लंडच्या पूर्व भागात लहान नौका बांधण्याचा व्यवसाय करीत होते. मांजराच्या खाद्याचा लहान डबा कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवून त्यांनी त्या दोहोंमधील फटीतून खाली हवा सोडली आणि तिचा दाब स्वयंपाकघरातील तराजूवर मोजला. केवळ एका नळीतून सोडलेल्या झोतापेक्षा कडेच्या वर्तुळाकार फटीतून सोडलेला झोत पुष्कळच अधिक दाब देतो, असे त्यांस आढळून आले. ह्याचे कारण असे की कडेने खाली व आत वळणारा झोत पडद्यासारखे काम करतो आणि मधली हवा कोंडून धरतो. कोंडलेल्या हवेवर वाहन उभे राहते. त्याचा भार विस्तीर्ण तळावर विभागला जात असल्यामुळे चौरस फुटास पडणारा दाब माणसाच्या पावलाखालील दाबापेक्षाही कितीतरी कमी असतो. जेथे माणूस चिखलात गुडघ्यापर्यंत रुतेल, तेथे काही टनांचे हे वाहन वरच्यावर निघून जाते ते ह्यामुळेच.

डिसेंबर १९५५ मध्ये कॉकरेल ह्यांनी एकस्वासाठी अर्ज केला. त्यानंतरचा कथाभाग शासनसंस्थांच्या अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. नौदलाच्या मते ही वस्तू विमान होती, हवाई दलाच्या मते नौका होती, आणि भूदलास तिच्यात स्वारस्य नव्हते. असे असूनही शासनाने तिची नोंद गुप्त बाबींच्या यादीत केली! म्हणजे लष्कर ती वापरणार नाही आणि दुसऱ्यांसही वापरू देणार नाही. १९५८ मध्ये हे बंधन उठले, राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने पैसा पुरविला आणि वाइट बेटावरील साँडर्स-रो ह्या कंपनीने 'एस. आर. एन. १' हे सुमारे चार टनांचे वाहन बांधले. ११ जून १९५९ रोजी ते लोकांस दाखविण्यात आले. ब्लेरिओच्या विमानोड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २५ जुलै १९५९ रोजी, त्याने कॅलेहून डोव्हरपर्यंत खाडी ओलांडली. त्या प्रवासात स्वतः कॉकरेल वाहनाचा तोल राखण्यासाठी हलते वजन म्हणून वर उभे होते. त्याच वर्षी फार्नबरोच्या प्रदर्शनात ह्या वाहनावर बारा मरीन सैनिक चढविण्यात आले. त्या भाराने त्याची जमिनीपासूनची उंची थोडीच कमी झाली. सैन्य वाहण्याचा विचार अशा रीतीने यंत्राच्या जन्मवर्षातच सुरू झाला होता.

मूळ वाहन जमिनीपासून फार तर वीतभर उंच उठे, त्यामुळे लहानशी लाट किंवा बांधही त्यास अडवी. सेसिल लॅटिमर-नीडहॅम ह्यांनी सुचविलेल्या लवचिक झालरीने ही उणीव दूर केली. रबरी कापडाची ही झालर कडेने लोंबत राहते, हवा कोंडून धरते आणि अडथळ्यावरून जाताना वाकते. झालरीवाचून हॉवरक्राफ्ट हे प्रदर्शनातील कौतुकच राहिले असते.

४. नद्या आणि दलदली

प्रत्यक्ष लष्करी कामगिरीचा पहिला अनुभव मोठ्या समुद्रकिनाऱ्यावर आला नाही, हे विशेष होय. १९६५ मध्ये इंडोनेशियाशी चाललेल्या संघर्षाच्या काळात ब्रिटिशांनी दोन 'एस. आर. एन. ५' वाहने बोर्निओत नेली. तेथील नद्या, खाड्या आणि खारफुटीची राने ह्यांतून सैनिक व रसद पोहोचविण्याचे काम त्यांनी केले. १९६६ मध्ये अमेरिकन नौदलाने ह्याच जातीची तीन वाहने व्हिएतनाममध्ये उतरविली. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील गवताळ पाणथळीत, जेथे नौका अडकत आणि चिलखती गाड्या रुतत, तेथे ती साठ नॉटच्या आसपासच्या वेगाने धावली. नोव्हेंबर १९६६ मधील मोहिमेस 'क्वाय व्हात' असे नाव देण्यात आले; व्हिएतनामी भाषेत त्याचा अर्थ 'राक्षस'.

१९६८ पासून अमेरिकन भूदलानेही अशी तीन वाहने वापरली. १९७० मध्ये त्यांपैकी दोन शत्रूने नष्ट केली आणि ते पथकच बंद झाले. ह्या अनुभवाचा निष्कर्ष संमिश्र होता. ज्या भूमीवर दुसरे कोणतेही वाहन चालत नाही तेथे हॉवरक्राफ्ट अजोड होते. परंतु त्याचा आवाज मैलोगणती आधी वर्दी देई, त्याचे कवच पातळ होते, एका तासाच्या धावेमागे कित्येक तासांची डागडुजी लागे आणि एका वाहनाच्या किमतीत नदीतील गस्तीच्या अनेक नौका येत.

५. दोन परंपरा

ह्यानंतर हॉवरक्राफ्टचा लष्करी विकास दोन भिन्न मार्गांनी झाला आणि ह्या भेदाचे कारण भूगोलात सापडते. सोव्हिएत संघापुढे बाल्टिक आणि काळा समुद्र हे आखूड अंतराचे जलाशय होते. पलीकडचा किनारा काही तासांच्या अंतरावर असल्यामुळे वाहन आपल्याच तळावरून निघून थेट शत्रूच्या भूमीवर जाऊ शकत होते. म्हणून तेथे वाहनाचा आकार वाढत गेला. १९७० च्या सुमारास रणगाडे वाहू शकणारा 'जेइरान' प्रकार आला आणि १९८८ मध्ये 'झुबर' प्रकारातील पहिले वाहन आरमारात दाखल झाले. सत्तावन मीटर लांब, साडेपाचशे टन वजनाचे, तीन रणगाडे किंवा सुमारे पाचशे सैनिक वाहणारे आणि स्वतःच्या तोफा व रॉकेटे बाळगणारे हे वाहन हॉवरक्राफ्टांत सर्वांत मोठे गणले जाते. पुढे ग्रीसने अशी चार वाहने घेतली. 'नाटो'तील राष्ट्राने रशियन घडणीची युद्धनौका विकत घ्यावी, ही घटना स्वतःच कुतूहलजनक आहे. चीननेही युक्रेनकडून हा प्रकार मिळविला आणि त्यांतील पहिले वाहन २०१३ मध्ये त्याच्या हाती आले.

अमेरिकेपुढील प्रश्न निराळा होता. तिचे सैन्य महासागर ओलांडून जावयाचे, म्हणून हॉवरक्राफ्ट मोठ्या जहाजाच्या पोटात मावणे आवश्यक होते. १९७० नंतरच्या दशकातील दोन प्रायोगिक वाहनांच्या आधारे 'एलकॅक' ह्या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे वाहन सिद्ध झाले. पहिले वाहन डिसेंबर १९८४ मध्ये नौदलाकडे आले आणि २००१ पर्यंत एकंदर ९१ बांधली गेली. सुमारे २७ मीटर लांबीचे हे वाहन साठ टनांचा भार, म्हणजे प्रसंगी एक मोठा रणगाडा, चाळीस नॉटच्या वेगाने नेते. साधी अवतरण-नौका जगातील पंधरा टक्के किनाऱ्यांवरच लागू शकते, तर एलकॅक सत्तर टक्क्यांहून अधिक किनाऱ्यांवर चढू शकते, असा अमेरिकन नौदलाचा हिशेब आहे. आता मूळ जहाजाने क्षितिजाआड राहून सैन्य पाठवावे, असे नवे युद्धतंत्र ह्या वाहनाच्या बळावर रचण्यात आले.

६. पुराव्याची कसोटी

एवढी तयारी झाल्यावर प्रश्न उरतो तो असा : ह्या वाहनांनी संरक्षित किनाऱ्यावर, गोळीबाराच्या तोंडी, मोठे सैन्य किती वेळा उतरविले? तारावा किंवा नॉर्मंडी ह्यांच्या तोडीचे एकही उदाहरण हॉवरक्राफ्टच्या इतिहासात आढळत नाही.

३० नोव्हेंबर १९७१ रोजी इराणी सैन्य इराणच्या आखातातील अबू मूसा आणि दोन तुंब बेटांवर उतरले, तेव्हा त्यात ब्रिटिश बनावटीची हॉवरक्राफ्टेही होती. परंतु प्रतिकार अगदी तुरळक होता. मे १९८२ मध्ये फॉकलंडमधील सान कार्लोस येथे खुद्द हॉवरक्राफ्टच्या मायदेशाने आपले सैन्य उतरविले, ते साध्या अवतरण-नौकांतून. २००३ मध्ये ब्रिटिश मरीन सैनिकांनी दक्षिण इराकच्या जलमार्गांत लहान हॉवरक्राफ्ट वापरली, परंतु ती पुन्हा नद्या आणि चिखलवटीची कामगिरी होती.

ह्या संदर्भात १९९१ च्या आखाती युद्धाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. कुवेतच्या किनाऱ्यासमोर अमेरिकन मरीन सैन्याचा मोठा ताफा सतरा एलकॅकांसह सज्ज होता. इराकने त्या पाण्यात बाराशेच्या आसपास सुरुंग पेरले होते. १८ फेब्रुवारी रोजी 'ट्रिपोली' आणि 'प्रिन्स्टन' ह्या दोन अमेरिकन युद्धनौका काही तासांच्या अंतराने सुरुंगांवर आदळल्या. पाण्यात बुडालेले अंगच नसल्यामुळे हॉवरक्राफ्टला सुरुंगांची भीती पुष्कळ कमी असते. परंतु त्यास घेऊन येणाऱ्या जहाजास ती पूर्वीइतकीच असते. अखेर कुवेतवर चढाई झाली ती जमिनीवरून. समुद्रातील ताफ्याने कित्येक इराकी डिव्हिजन किनाऱ्यावर खिळवून ठेवल्या, आणि एलकॅकांनी सैन्य उतरविले ते सौदी अरेबियाच्या मित्रभूमीवर.

ह्यावरून असे अनुमान निघते की किनाऱ्याचा तो प्राणघातक पट्टा हॉवरक्राफ्टने पुसला नाही. त्याने तो हलविला. पूर्वी तो प्रवाळ आणि वाळू ह्यांच्या मध्ये होता. आता तो मूळ जहाज जेथे थांबते त्या खुल्या समुद्रात गेला, आणि क्षेपणास्त्रांचा पल्ला जसजसा वाढला तसतसा तो अधिकच दूर सरकला. गर्जना करणारे, तुषारांचा लोट उडविणारे आणि पातळ अंगाचे हे वाहन मशीनगनांच्या तोंडी घालावे असे त्याच्या चालकांसही वाटत नाही. जेथे शत्रू नाही असा किनारा शोधून तेथे त्वरेने उतरणे, हेच त्याचे खरे तंत्र ठरले आहे. त्याचे सामर्थ्य आघातापेक्षा पर्यायांत आहे : शत्रूस सत्तर टक्के किनारा राखावयास लावणे, हाच त्याचा विजय.

परंतु पुराव्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल १९९१ च्या अखेरीस बांगलादेशावर प्रलयंकारी चक्रीवादळ कोसळले आणि लाखाहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी आखातातून परतणारा मरीन ताफा तिकडे वळविण्यात आला आणि ज्या एलकॅकांना कुवेतचा किनारा लाभला नव्हता, ती चितगावच्या परिसरातील तुटलेल्या किनाऱ्यांवर अन्न व औषधे घेऊन चढली. बंदरे, धक्के आणि रस्ते नाहीसे झालेल्या भूमीवर ह्या वाहनाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर सुमात्राच्या किनाऱ्यावर आणि जानेवारी २०२४ मध्ये भूकंपाने खचलेल्या जपानच्या नोटो द्वीपकल्पावर हीच कामगिरी पुन्हा झाली. रोबलिंग ह्यांचे सुटकेचे वाहन तारावाच्या कठड्यावर लढावयास गेले होते. तारावाचा प्रश्न सोडविण्यासाठी घडलेले वाहन सुटकेच्या कामी आले. यंत्रांच्या इतिहासात हेतू आणि उपयोग ह्यांची अशी अदलाबदल वारंवार दिसते.

भारताचा ह्या वाहनाशी आलेला संबंधही ह्याच मर्यादेत आहे. भारतीय तटरक्षक दलाने २००० नंतर कोलकात्यात बांधलेली व पुढे ब्रिटनहून आणलेली हॉवरक्राफ्ट कच्छच्या खाड्या आणि इतर उथळ किनारे ह्यांवर गस्त व सुटका ह्यांसाठी वापरली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी आणखी सहा वाहने बांधण्याचा सुमारे ३८७ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने गोव्यातील चौगुले कंपनीशी केला. गोमंतकाच्या नौकाबांधणीच्या जुन्या परंपरेत हवेच्या गादीचे हे नवे प्रकरण जोडले गेले आहे.

एकंदरीत पाहता, कॉकरेल ह्यांच्या दोन डब्यांनी नौकेला भरती-ओहोटीच्या दास्यातून सोडविले ह्यात शंका नाही. तारावाच्या किनाऱ्यासमोर अशी वाहने असती तर प्रवाळावर अडकून पडण्याची पाळी आली नसती. मात्र प्रवाळापलीकडच्या मशीनगना तशाच राहिल्या असत्या. निसर्गाने घातलेला अडसर यंत्राने दूर होतो. माणसाने माणसापुढे घातलेला अडसर यंत्राने केवळ जागा बदलतो. सैन्य उतरविण्याच्या साधनांचा इतिहास लिहिताना वेग आणि टन ह्यांच्या आकड्यांबरोबर, पाण्यातून चालणाऱ्या शिपायाला उघड्यावर किती पावले टाकावी लागली, हे मापही अभ्यासकाने हाती ठेवले पाहिजे.